झांकलेलें कोंबडें
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वीं एक ओळखीची जागा असे. गांवाच्या कडेला चार भिंती आणि एक फाटक, एवढाच तिचा पसारा. तिला कोंडवाडा म्हणत. दुसऱ्याच्या उभ्या पिकांत शिरलेलें गुरूं तेथें नेऊन घालावयाचें, आणि मालकानें दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरला म्हणजे त्यानें तें सोडवून न्यावयाचें, असा रिवाज. गुरांच्या आगळिकीसंबंधींचा १८७१ चा कायदा ह्या कोंडवाड्यांच्या मुळाशीं होता. त्याचा हेतु गुरांवर दया करण्याचा नव्हता, पिकांचें रक्षण करण्याचा होता. तरी त्यांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती. कोंडवाड्याच्या रखवालदारानें आंत घातलेल्या जनावरास चारा व पाणी दिलें पाहिजे. जो जनावर कोंडतो त्याच्यावर त्या जनावराची जबाबदारी येते, हें तत्त्व आपल्या कायद्याच्या पुस्तकांत दीडशें वर्षांपूर्वींच शिरलेलें होतें. मात्र त्या जनावराला वळावयास, बसावयास, अंग पसरावयास जागा किती असावी, हा प्रश्न त्या काळीं कोणाला सुचण्याचें कारण नव्हतें. कोंडवाड्यांतील मुक्काम थोड्या दिवसांचा असे, जन्मभराचा नसे.

आज मी आपणांस ज्या कायद्यांचा इतिहास सांगणार आहें, ते जन्मभराच्या कोंडवाड्यासंबंधींचे आहेत. अंडीं देणारी कोंबडी, गाभण डुकरीण आणि मांसासाठीं वाढविलेलें वासरूं ह्या तीन प्राण्यांना विसाव्या शतकांत माणसानें अशा जागेंत कोंडलें कीं, तेथें त्यांना वळतां येईना. ही कोंडी मोडण्यासाठीं निरनिराळ्या देशांनीं काय केलें, कोठें यश आलें, कोठें कायदा कागदावरच राहिला, आणि असें कां झालें, एवढाच आजचा विषय.

मीं आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत काढलीं. शिक्षकाच्या टेबलावर एक लांकडी पट्टी असते. तिचे उपयोग दोन. एक मारण्याचा, आणि दुसरा मोजण्याचा. पहिला आम्ही नको तितका केला, हें येथें कबूल करण्यास हरकत नाहीं. प्राण्यांवरील क्रौर्याच्या कायद्यांचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास मला ह्या पट्टीवरून नेहमीं आठवतो. पहिलीं सव्वाशें वर्षें कायद्याचें सारें लक्ष मारणाऱ्या पट्टीकडे होतें. मोजणारी पट्टी त्यानें फार उशिरां हातीं घेतली; आणि ती हातीं घेतल्यावांचून कोंडलेल्या प्राण्यांपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं, हें कळावयास त्याहूनही अधिक काळ गेला.

जुन्या कायद्याचें स्वरूप आधीं पाहूं. १८२२ सालीं आयर्लंडमधील गॉलवेचे प्रतिनिधि रिचर्ड मार्टिन ह्यांच्या खटपटीनें ब्रिटिश पार्लमेंटनें गुराढोरांना क्रूरपणें वागविण्याविरुद्ध एक कायदा मंजूर केला. घोडा, गाढव, गाय, मेंढी इत्यादि जनावरांस निर्दयपणें मारणारास त्यानें दंड ठेवला. दोनच वर्षांनीं लंडनमध्यें प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली. मुंबईंत तशी संस्था १८७४ सालीं निघाली. आणि परळ येथें सर दिनशा पेटिट ह्यांच्या औदार्यानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, त्यास त्यांच्या पत्नी बाई साकरबाई ह्यांचें नांव आहे. पुढें १८९० सालीं हिंदुस्थानाकरितां ह्या विषयावरील कायदा झाला.

ह्या १८९० च्या कायद्याची मूळ शब्दरचना मोठी बोधप्रद आहे. रस्त्यांत, अगर लोकांना जातां येईल अशा जागीं, अगर तेथील माणसांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं कोणी जनावरास क्रूरपणें मारील, त्यावर बेसुमार ओझें लादील, किंवा वेदना होतील अशा रीतीनें तें बांधील वा नेईल, तर तो गुन्हा. म्हणजे क्रौर्य दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसलें पाहिजे. हातांत चाबूक असलेला एक माणूस, त्याच्या पुढें ठेंचाळणारा एक बैल, आणि पाहणारा एक पांथस्थ, असें चित्र कायदे करणारांच्या मनापुढें होतें. त्या काळापुरतें तें चित्र खोटें नव्हतें. पण बंद दाराआड, कोणीही हात न उगारतां, केवळ भिंतीच्या जवळिकीनें एखाद्या जिवाचे हाल होऊं शकतील, ही कल्पना त्यांत नव्हती.

विसाव्या शतकांत नेमकें तेंच घडलें. कोंबड्यांना ऊन लागतें, म्हणून त्यांना अंगणांत सोडल्यावांचून गत्यंतर नसे. १९२० नंतरच्या दशकांत ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला, आणि उन्हाचें काम खाद्यांतून भागूं लागलें. महायुद्धानंतर जंतुनाशक औषधें स्वस्त झालीं. त्यामुळें पुष्कळ प्राणी एका छपराखालीं ठेवले तरी रोगाची सांथ आवरतां येऊं लागली. युद्धकाळाच्या टंचाईंतून नुकत्याच बाहेर आलेल्या युरोपांतील सरकारांना स्वस्त अन्न हवें होतें. इंग्लंडांत तर अंड्यांवरील नियंत्रण १९५३ सालीं उठलें. ह्या सर्वांतून तारेच्या पिंजऱ्यांच्या ओळी जन्मास आल्या. पिंजऱ्यावर पिंजरा व पिंजऱ्याशेजारीं पिंजरा अशा ह्या रांगांना बॅटरी म्हणतात. जमीन तारेची, म्हणून विष्ठा खालीं पडे. ती उतरती, म्हणून अंडें आपोआप बाहेर घरंगळे. पहांट केव्हां व्हावी आणि रात्र केव्हां पडावी, हें विजेच्या बटणावर ठरूं लागलें.

गाभण डुकरिणीसाठीं लोखंडी गजांचा खण निघाला. रुंदी सुमारें २ फूट, लांबी सुमारें ७ फूट. डुकरिणीची गर्भावस्था सुमारें ११४ दिवसांची असते. तेवढे दिवस तिनें उठावें, बसावें, परंतु वळूं नये, अशी ती व्यवस्था. दूधदुभत्याच्या धंद्यांत नको असलेला गोऱ्हा अरुंद लांकडी खोक्यांत घालून, ज्यांत लोह कमी आहे असें पातळ खाद्य पाजून वाढविण्यांत येई. कारण त्याचें मांस फिकट राहिलें तर त्यास अधिक भाव मिळे.

पिंजऱ्याच्या बाजूनें जें म्हणतां येईल तेंही सांगितलें पाहिजे. कोंबडी स्वतःच्या विष्ठेपासून दूर राहते, म्हणून कित्येक रोग कमी होतात. खण वेगवेगळे असले म्हणजे बलिष्ठ डुकरीण दुर्बळ डुकरिणीचा घांस हिसकावून घेत नाहीं. अंडें स्वस्त होतें, आणि स्वस्त अंडें गरिबाच्या मुलाच्या ताटांत पडतें. हे पिंजरे बांधणारे लोक राक्षस नव्हते. बहुतेक कष्टाळू शेतकरी होते, आणि कोणी तरी तज्ज्ञानें हेंच शास्त्रीय आहे असें त्यांना सांगितलें होतें. येथेंच खरी अडचण आहे. रागाच्या भरांत मारणारास शरमविणें सोपें असतें. पण येथें राग कोणालाच आलेला नव्हता.

ह्या अडचणीचें एक नमुनेदार उदाहरण इंग्लंडच्या कायद्यांतच सांपडतें. १९५४ सालीं तेथें पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. पक्ष्याला पंख मोकळेपणानें पसरतां येतील एवढी उंची, लांबी व रुंदी ज्या पिंजऱ्यास नाहीं, त्यांत कोणताही पक्षी ठेवणें त्यानें गुन्हा ठरविलें. किती नेमका नियम! परंतु त्याच कलमाला एक पुस्ती जोडलेली होती. हा नियम कोंबड्या-बदकांसारख्या पाळीव पक्ष्यांस लागू नाहीं. दिवाणखान्यांतील कॅनरीला पंखांपुरती जागा कायद्यानें मिळाली. परसांतील कोंबडीला कायद्यानेंच ती नाकारली. पंख दोघींनाही होते.

ह्या पुस्तीकडे जगाचें लक्ष वळविलें तें एका गृहिणीनें. रूथ हॅरिसन ही लंडनमध्यें वाढलेली, क्वेकर पंथाची आणि एका वास्तुशिल्पज्ञाची पत्नी. एके दिवशीं तिच्या दारांत एक पत्रक येऊन पडलें. त्यांत वासरांच्या खोक्यांचें वर्णन होतें. ती स्वतः शाकाहारी असल्यामुळें ह्या गोष्टीशीं आपला संबंध नाहीं असें तिला प्रथम वाटलें. पण न पाहणें हेंही एक कृत्य आहे, अशा जाणिवेनें ती शेतांवर जाऊं लागली, विचारूं लागली, लिहून घेऊं लागली. १९६४ सालीं तिचा ‘ॲनिमल मशीन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला रॅचेल कार्सन ह्या विख्यात अमेरिकन शास्त्रज्ञ लेखिकेची प्रस्तावना होती. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रानें त्यांतील भाग छापले, आणि देशांत खळबळ उडाली.

सरकारनें त्याच वर्षीं प्राणिशास्त्राचे प्राध्यापक रॉजर्स ब्रँबेल ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचें निवेदन १९६५ च्या अखेरीस बाहेर आलें. त्यांत एक मागणी अशी होती कीं, कोणत्याही शेतीच्या जनावरास निदान पांच गोष्टी करण्यापुरती मोकळीक असावी: उठून उभें राहणें, खालीं बसणें, वळणें, स्वतःचें अंग साफ करणें आणि हातपाय ताणणें. श्रोतेहो, ही मागणी किती लहान आहे पाहा! कुरण मागितलेलें नाहीं, आकाश मागितलेलें नाहीं. आपण सकाळीं अंथरुणांतून उठतांना ज्या गोष्टी नकळत करतों, तेवढ्याच ह्या समितीनें जनावरांकरितां मागितल्या. एवढें मागण्यासाठीं विद्वानांची समिति बसवावी लागली, ह्यावरून परिस्थिति कोठवर गेली होती हें समजावें.

१९६८ सालीं पार्लमेंटनें ह्या निवेदनावरून कायदा केला. शेतीच्या जनावरांना अनावश्यक वेदना अगर अनावश्यक क्लेश होऊं देणें हा त्यानें गुन्हा ठरविला. आणि कसें वागावें ह्याबद्दल शेतकऱ्यांसाठीं उपदेशपर नियमावल्या काढण्याची सोय केली. क्लेश हा शब्द कायद्यांत आला, ही प्रगति खरीच. कारण आतां केवळ जखम दाखविण्याची गरज उरली नाहीं. परंतु पांच मोकळिकी कायद्यांत उतरल्या नाहींत. मापाच्या ठिकाणीं विशेषण आलें. ‘अनावश्यक’ म्हणजे काय, हें कोणी ठरवावयाचें? ज्याचा धंदा पिंजऱ्यावर चालतो, त्याला पिंजरा आवश्यकच वाटणार.

ह्या उणिवेचा प्रत्यय लौकरच आला. पीटर रॉबर्ट्स ह्या हँपशायरमधील दुग्धव्यवसायी शेतकऱ्यानें १९६७ सालीं शेतीच्या जनावरांच्या बाजूनें लढणारी एक संस्था काढली होती. १९८४ सालीं त्यानें वासरांना खोक्यांत कोंडल्याबद्दल ससेक्स परगण्यांतील एका मठाच्या चालकांवर खाजगी फिर्याद केली. ती फेटाळली गेली, आणि १९८५ सालीं अपीलही हरलें. पण ह्या खटल्यामुळें लोकमत जागें झालें. सरकारनें १९८७ सालीं नियम केले, आणि १ जानेवारी १९९० पासून वासराला वळतां येणार नाहीं असें खोकें त्या देशांत बेकायदेशीर ठरलें. वासरूं वळूं शकतें कीं नाहीं, एवढेंच आतां पाहावयाचें होतें. त्यासाठीं कोणाच्या हेतूची चौकशी करावी लागत नव्हती, कीं क्लेशाचा पुरावा जमवावा लागत नव्हता. विशेषण गेलें व माप आलें, आणि जो प्रश्न न्यायालयांत हरला होता तो नियमांत सुटला. १ जानेवारी १९९९ पासून तेथें डुकरिणींचे अरुंद खणही बंद झाले.

युरोपखंडांतील इतर देशही स्वस्थ नव्हते. स्वित्झर्लंडनें १९७८ सालीं प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. तो लोकांच्या मतास टाकण्यांत आला व मोठ्या बहुमतानें मंजूर झाला. तो १९८१ सालीं अंमलांत आला, आणि बॅटरीचे पिंजरे काढून टाकण्यास शेतकऱ्यांना १९९१ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे दहा वर्षांची मुदत देण्यांत आली. त्या मुदतींत त्यांनीं घरटें, बसावयास दांडी व उकरावयास माती असलेलीं खुराडीं बांधलीं, आणि धंदा बुडाला नाहीं.

स्वीडनमध्यें ह्या कामीं पुढें आली ती मुलांच्या गोष्टी लिहिणारी आस्ट्रिड लिंडग्रेन. शेतावरच वाढलेल्या ह्या लेखिकेनें १९८५ पासून क्रिस्तिना फोर्सलुंड ह्या पशुवैद्य बाईंच्या साहाय्यानें वर्तमानपत्रांत एकामागून एक लेख लिहिले. १४ नोव्हेंबर १९८७ रोजीं तिला ऐंशी वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां पंतप्रधान इंगव्हार कार्लसन ह्यांनीं नव्या कायद्याची वार्ता जणूं वाढदिवसाची भेट म्हणून तिला दिली. १९८८ सालीं तो कायदा झाला. गाईंना उन्हाळ्यांत कुरणांत चरावयास सोडलें पाहिजे असें त्यानें ठरविलें. लिंडग्रेनबाईंचें मात्र समाधान झालें नाहीं. आपल्या नांवाचा गौरव करणारा कायदा अपुरा आहे हें सांगावयास त्या कचरल्या नाहींत, आणि मला त्यांचा हा गुण त्यांच्या कथांइतकाच मोठा वाटतो.

आतां जर्मनीची हकीकत. ती एखाद्या गणिताच्या तासासारखी आहे. तेथील १९८७ च्या नियमांप्रमाणें एका कोंबडीस निदान ४५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावयाची होती. हा आंकडा ऐकून आपल्या मनांत कांहींच उमटत नाहीं. तेव्हां असें करा. घरांतील मुलाची फूटपट्टी घ्या. ती ३० सेंटिमीटरांची असते. एक पट्टी लांब आणि अर्धी पट्टी रुंद असा चौकोन कागदावर आंखा. झाले ४५० चौरस सेंटिमीटर. कचेऱ्यांतून आज सर्वत्र वापरतात तो ए-फोर कागद ह्याहून बराच मोठा, ६२४ चौरस सेंटिमीटरांचा असतो. एक आयुष्य ह्या चौकोनांत घालवावयाचें.

६ जुलै १९९९ रोजीं जर्मनीच्या घटना-न्यायालयानें हे नियम रद्द केले. न्यायाधीशांनीं कोंबडीच्या मानसशास्त्रांत शिरण्याआधीं साधें मोजमाप पुढें घेतलें. विसावलेल्या कोंबडीचें शरीर ४७.६ सेंटिमीटर लांब व १४.५ सेंटिमीटर रुंद भरतें. गुणाकार सुमारें ६९० येतो. ६९० चा प्राणी ४५० मध्यें कसा मावणार? सर्व कोंबड्यांना एकाच वेळीं स्वस्थपणें बसतांही येत नाहीं, असा त्याचा अर्थ. आणि प्राणिरक्षणाचा कायदा तर त्याच्या गरजेप्रमाणें निवारा द्या असें सांगत होता. पुढें २००२ सालीं जर्मनीनें प्राण्यांचें रक्षण हें राज्याचें कर्तव्य म्हणून आपल्या घटनेंत लिहिलें.

त्या निकालानंतर तेराच दिवसांनीं, १९ जुलै १९९९ रोजीं, युरोपीय संघानें अंडीं देणाऱ्या कोंबड्यांसंबंधीं सर्व सभासद-राष्ट्रांसाठीं आदेश काढला. साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद. त्यापुढें पिंजरा ठेवावयाचाच असेल तर दर कोंबडीस ७५० चौरस सेंटिमीटर जागा, आणि आंत घरटें, दांडी व उकरण्याची सोय. वासरांचीं खोकीं २००६ च्या अखेरीनंतर आणि डुकरिणींचे खण, गर्भावस्थेचे पहिले चार आठवडे वगळून, १ जानेवारी २०१३ पासून संघभर बंद झाले. सर्वांनीं मिळून एकदम हें करावें ह्यांत मोठें शहाणपण होतें. इंग्लंडनें १९९९ सालीं एकट्यानें खण बंद केले, तेव्हां शेजारच्या देशांतून, खणांतच वाढलेल्या डुकरांचें स्वस्त मांस बाजारांत येतच राहिलें, आणि नियम पाळणारा शेतकरी तोट्यांत गेला. दया करणारानेंच बुडावें आणि न करणारानें तरावें, अशी रचना फार दिवस टिकत नाहीं.

ह्या कायद्यांची वाट सरळ होती असें मात्र समजूं नये. कोंबड्यांसाठीं बारा वर्षांहून अधिक मुदत मिळूनही २०१२ चा जानेवारी उजाडला तेव्हां तेरा राष्ट्रांची तयारी झालेली नव्हती. संघाला त्यांना नोटिसा द्याव्या लागल्या. पुढें २०१८-१९ मध्यें पिंजरे सरसकट बंद करावेत अशा मागणीवर सुमारें चौदा लाख युरोपीय नागरिकांनीं सह्या केल्या. २०२१ सालीं संघाच्या आयोगानें २०२३ पर्यंत मसुदा आणण्याचें वचन दिलें. २०२३ संपलें तरी तो मसुदा आला नाहीं.

अमेरिकेंत हाच प्रश्न मतपेटींतून सुटूं लागला. २००२ सालीं फ्लॉरिडाच्या मतदारांनीं गाभण डुकरिणींचे खण बंद केले. २००८ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं ठरविलें कीं वासरूं, गाभण डुकरीण व कोंबडी ह्यांना बसतां, उठतां, वळतां व अवयव पूर्ण पसरतां आले पाहिजेत. ब्रँबेल समितीच्या मागणीचा हा प्रतिध्वनि होता. पण अवयव पसरावयास नेमके किती इंच लागतात ह्यावर वाद माजले. म्हणून २०१८ सालीं त्याच मतदारांनीं पुन्हां मतदान करून आंकडे लिहिले. डुकरिणीस २४ चौरस फूट, वासरास ४३ चौरस फूट, आणि कोंबडीस आधीं एक चौरस फूट व नंतर पिंजऱ्यांतून मुक्तता. शिवाय, अशी जागा न देतां तयार झालेला माल परराज्यांतून आला तरी विकतां येणार नाहीं, असेंही ठरविलें. म्हणजे इंग्लंडची चूक त्यांनीं टाळली. डुकरांच्या धंदेवाल्यांनीं हा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मे २०२३ मध्यें पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालयानें कायदा कायम ठेवला.

आतां आपल्या घरीं परत येऊं. येथें एक सुखद आश्चर्य आहे, आणि त्याच्याच पाठीशीं एक खेदाची गोष्ट. नृत्यकलेंत नांव मिळविलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्या राज्यसभेच्या सभासद असतांना त्यांनीं १९५३ सालीं प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध एक खाजगी विधेयक आणलें. सरकार स्वतः ह्या विषयावर कायदा करील असें आश्वासन पंतप्रधान नेहरूंनीं दिल्यावर त्यांनीं तें मागें घेतलें, आणि १९६० सालीं तो कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमांत लिहिलें आहे कीं, जनावरास हालचाल करण्याची वाजवी संधि मिळेल एवढी उंची, लांबी व रुंदी ज्यास नाहीं, अशा पिंजऱ्यांत तें कोंडणें हा गुन्हा आहे. आणि जनावर म्हणजे कोण? माणसावांचून कोणताही सजीव प्राणी. कोंबडीला वगळणारी पुस्ती येथें नाहीं. रूथ हॅरिसनचा ग्रंथ निघण्यापूर्वीं चार वर्षें, इंग्लंडनें जी जागा कॅनरीपुरती राखून ठेवली होती, ती आपल्या पार्लमेंटनें तत्त्वतः सर्व जिवांना देऊन टाकली होती. ह्याचा आपणांस अभिमान वाटावा.

पण तत्त्वतः! ‘वाजवी’ हें पुन्हां विशेषणच. वाजवी म्हणजे किती इंच, हें कलमांत नव्हतें. आणि पहिल्या गुन्ह्यास शिक्षा ठेवली ती पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाची. त्या वेळीं ही रक्कम अगदींच क्षुल्लक नसेल. परंतु रुपया घसरत गेला आणि कलम जागच्या जागीं राहिलें. ह्या कलमाच्या छायेखालींच आपल्या देशांत बॅटरीच्या पिंजऱ्यांचा धंदा फोफावला. अखेर जुलै २०१७ मध्यें विधि-आयोगानें आपलें दोनशें एकोणसत्तरावें निवेदन खास कोंबड्यांच्या निवासावर व वाहतुकीवर लिहिलें, आणि नियमांचे मसुदे सोबत जोडले. सत्तावन्न वर्षांपूर्वींच्या एका विशेषणाला माप शोधून देण्याचा तो प्रयत्न होता.

श्रोतेहो, ह्या सर्व हकीकतींतून मला एकच गोष्ट शिकावयास मिळते. कायद्यांत करुणा असणें पुरेसें नाहीं. करुणेला सेंटिमीटर लागतात. जेथें कायद्यानें ‘अनावश्यक’, ‘वाजवी’ असे सज्जन शब्द लिहून हात झटकले, तेथें पिंजरा हलला नाहीं. जेथें त्यानें माप सांगितलें, तारीख सांगितली, शेतकऱ्याला बदलण्यास वेळ दिला, आणि बाहेरून येणाऱ्या मालालाही तोच नियम लावला, तेथें लोखंडही वांकलें. आणि हें माप पुढें आणणारे लोक कोण, तर एक गृहिणी, एक शेतकरी, एक बालकथा लिहिणारी वृद्धा, एक नर्तकी. राज्यकर्त्यांपैकीं ह्यांत आरंभीं कोणी नव्हतें.

शेतकऱ्यावर सारा दोष टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. शहरांतील आपण लोक स्वस्ताई मागतों, आणि ती कशी पैदा होते तें पाहत नाहीं. रस्त्यावर बैलाला मारलेलें पाहून आपण हांक मारतों, कारण तें दिसतें. अंड्यावर त्याच्या जन्माची जागा लिहिलेली नसते. जुन्या कायद्याची जी मर्यादा होती, तीच अद्याप आपल्या मनाची आहे. दृष्टीआड तें सृष्टीआड.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. ती म्हण ज्यांनीं केली, त्यांनीं डाल्याखालीं झांकलेलें कोंबडें पाहिलें होतें. सकाळीं डालें उचललें कीं तें अंग झाडून, पंख पसरून अंगणांत धांवत असे. झांकणें रात्रीपुरतें होतें. आज ज्या कागदावर आपण एक पट्टी लांब व अर्धी पट्टी रुंद चौकोन आंखाल, तो क्षणभर मुलांसमोर ठेवा, आणि त्यांना एवढेंच विचारा कीं ह्यांत पंख पसरतां येतील काय. गणित सोपें आहे. उत्तर मुलांना येईल.